झाकली मूठ आणि उघडी वही

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. हाताने घडवलेल्या एका मूर्तीचे बोट वाकडे झाले, तर वाकडे बोट एकच असते. पण साच्यात ते वाकडे उतरले, तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचे बोट वाकडे निघते. म्हणून साचा घेण्यापूर्वी मूळ मूर्ती चार जाणत्या माणसांनी फिरवून फिरवून पाहावी लागते. घडवणारा कितीही कसबी असो, त्याच्या एकट्याच्या नजरेवर साचा सोडून देणे शहाणपणाचे नसते. हा नियम मूर्तीपुरता नाही. ज्या वस्तूच्या एका मूळ प्रतीपासून हजारो प्रती निघतात, त्या प्रत्येक वस्तूला तो लागू आहे. आणि आजच्या जगात अशी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे संगणकाचा प्रोग्राम.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे लिखाण तपासता यावे म्हणून जी साधने तयार केली आणि ती सर्व जगाला मोकळी करून दिली, त्यांच्याविषयी आम्ही येथे बोलणार आहोत. कामगार संघटनेच्या माणसाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे थोडेफार समजले ते विचारून, वाचून आणि पुन्हा विचारून समजले. पण पूर्वी कामगाराची हजेरी मुकादमाच्या वहीत असे, आता ती यंत्रात असते. भविष्यनिर्वाह निधीचा हिशोब, रेशनचे धान्य, बँकेची शिल्लक, इतकेच काय, पण मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराला आज कोणते काम मिळावे आणि किती पैसे मिळावेत, हेही प्रोग्रामच ठरवतो. मुकादमाची वही वाचावयास आपण शिकलो. मग या नव्या वहीकडे पाठ फिरवून कसे चालेल?

प्रथम प्रोग्राम म्हणजे काय, ते पाहू. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची यादी. या सूचना ज्या लिखाणात असतात त्याला ‘कोड’ म्हणतात. आम्ही येथे ‘कोड’ हाच शब्द वापरणार आहोत. ज्या कामगाराला ‘बोनस’ आणि ‘ओव्हरटाइम’ समजतो त्याला ‘कोड’ही समजेल. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. सांगितले तेवढेच ते करते, आणि जे सांगितले ते चुकीचे असले तरी न थकता करत राहते.

एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र बसले. त्याच्या कोडातील नियम साध्या मराठीत मांडला, तर असा होता : ‘एका तारखेला आत येण्याची वेळ आणि बाहेर जाण्याची वेळ अशा दोन्ही नोंदी सापडल्या, तर तो दिवस भरला, दोन्ही न सापडल्या, तर नाही.’ वाचताना यात काही खोट दिसत नाही. सकाळी सहाला आलेला माणूस दुपारी दोनला जातो. एकाच तारखेला दोन नोंदी मिळतात. दुपारी दोनला आलेला रात्री दहाला जातो. तेथेही हिशोब जुळतो. आता तिसरी पाळी पाहा. सोमवारी रात्री दहाला माणूस आत येतो आणि मंगळवारी सकाळी सहाला बाहेर पडतो. सोमवारच्या तारखेला केवळ आत येण्याची नोंद आहे. म्हणून सोमवार गेला. मंगळवारी सकाळी सहाची बाहेर जाण्याची आणि रात्री दहाची पुन्हा आत येण्याची, अशा दोन्ही नोंदी आहेत. म्हणून मंगळवार भरला. असेच शनिवारपर्यंत. रविवारी सकाळी फक्त बाहेर जाण्याची नोंद, आणि रविवार तर सुट्टीचा. म्हणजे सोमवार ते शनिवार सहा रात्री काम झाले आणि यंत्राने पाच दिवस मोजले.

या चुकीचा स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. सहाच्या सहा दिवस कापले गेले असते, तर पहिल्याच महिन्यात ओरड झाली असती. पण आठवड्यात एकच दिवस कमी भरतो. त्यामुळे कामगाराला वाटते, आपलीच मोजणी चुकली. कारकुनाला वाटते, यंत्र खोटे कसे बोलेल? आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने दिवसपाळीची नोंद घालून पाहिलेली असते. त्याला सर्व ठीक दिसते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याने जन्मात रात्रपाळी केली नाही, त्याला मध्यरात्री तारीख बदलते ही गोष्ट आठवली नाही, इतकेच. परंतु हाच कोड जेथे जेथे विकला जाईल, तेथे तेथे तिसऱ्या पाळीचा आठवड्याचा एक दिवस बुडेल. साचाच तसा आहे.

आता कल्पना करा, की हा नियम यंत्रात जाण्यापूर्वी दुसऱ्या एका माणसाने वाचला, आणि त्याने समासात एवढेच लिहिले : ‘रात्रपाळीचे काय?’ दोन शब्दांनी काम झाले असते. तारखेप्रमाणे जोड्या न लावता, आत आल्याची प्रत्येक नोंद तिच्यानंतरच्या पहिल्या बाहेर जाण्याच्या नोंदीशी जोडावी, आणि माणूस ज्या तारखेला आत आला त्या तारखेचा दिवस धरावा, अशी दुरुस्ती झाली असती. या दोन शब्दांच्या कामालाच इंग्रजी जाणणारे ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. आपण त्याला कोडची पडताळणी म्हणू.

स्वतः लिहिलेले स्वतःस का तपासता येत नाही? छापखान्यात काम केलेल्यांना हे ठाऊक आहे. लेखक स्वतःच्या मजकुराची प्रुफे वाचतो तेव्हा कागदावर जे आहे ते तो वाचत नाही. मनात जे आहे ते वाचतो. गाळलेले अक्षर त्याला दिसत नाही, कारण त्याच्या मनात ते गाळलेले नसते. म्हणून मुद्रितशोधक निराळा असावा लागतो. आपल्या रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. त्या गाडीच्या इंजिनात दोन माणसे असतात, आणि सिग्नल आला की एकजण तो मोठ्याने उच्चारतो व दुसरा तोच पुन्हा उच्चारतो. दोघांनाही डोळे आहेत, दोघेही शिकलेले आहेत. तरी दोघांनी म्हणावयाचे, असा रिवाज आहे. रासायनिक कारखान्यांत वेल्डिंगची ठिणगी पाडण्यापूर्वी परमिटवर वेल्डरखेरीज दुसऱ्या जबाबदार माणसाची सही लागते, हे धाटावच्या वसाहतीतील कामगारांना आम्ही काय सांगावे! तो अविश्वास नव्हे. एका माणसाच्या नजरेला मर्यादा आहे, एवढीच त्यात कबुली आहे.

प्रोग्रामच्या धंद्यात ही शिस्त पहिल्यांदा नीट मांडली ती आय. बी. एम. कंपनीतील मायकेल फॅगन यांनी, १९७६ साली. त्यांच्या पद्धतीत चारपाच जण एका टेबलाभोवती बसत. लिहिणारा एक, वाचून दाखवणारा दुसरा, चाचणी घेणारा तिसरा, बैठक चालवणारा चौथा. ओळ न् ओळ वाचली जाई आणि सापडलेली चूक नोंदली जाई. या पद्धतीतील एक पथ्य आम्हांस फार महत्त्वाचे वाटते : बैठकीत सापडलेल्या चुकांचा उपयोग माणसाची बढती वा बडतर्फी ठरवण्याकडे करावयाचा नाही. कारण उघड आहे. चूक दाखवली की पगार कापला जातो असे दिसले, तर दुसऱ्या दिवसापासून चुका सापडणे बंद होईल. होणे मात्र बंद होणार नाही. आपल्या कारखान्यांतील सुरक्षा समित्यांनी हे पथ्य भिंतीवर लिहून ठेवावे इतक्या मोलाचे आहे.

पण टेबलाभोवती बसण्याच्या पद्धतीला एक अडचण होती. सर्व मंडळी एका इमारतीत असली पाहिजेत. पुढे काम पसरले. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’ ही संगणक चालवणारी प्रणाली सुरू केली, तेव्हा तिच्यात भर घालणारी माणसे निरनिराळ्या देशांत होती. ती एकमेकांना पत्रांतून बदल पाठवीत. वाचणारा त्याच पत्रात ओळीखाली आपला आक्षेप लिहून परत पाठवी. २००४ साली या मंडळींनी आणखी एक शिस्त घालून घेतली : प्रत्येक बदलाखाली तो पाठवणाऱ्याने आपल्या नावाने जबाबदारीची सही करावयाची. हे काम आजही बरेचसे पत्रांवर चालते, आणि चांगले चालते. तथापि पत्रांचा ढीग वाढला, की कोणता आक्षेप मिटला, कोणता राहिला, आणि कोणी काय कबूल केले, हे शोधणे कठीण जाते. संघटनेच्या सभेचे इतिवृत्त न लिहिता केवळ तोंडी ठराव केले, तर सहा महिन्यांनी जी गत होते, तशीच ही गत.

यातून पडताळणीची साधने निघाली. त्यांची वंशावळ मनोरंजक आहे. पायथॉन या संगणकभाषेचे जनक गिदो व्हान रॉसम हे गूगल कंपनीत असताना त्यांनी २००६ च्या सुमारास कंपनीच्या अंतर्गत कामासाठी ‘माँद्रियान’ नावाचे साधन केले. हे नाव डच चित्रकाराचे. ते साधन कंपनीच्या भिंतीआड होते. पुढे २००८ साली त्यांनी त्याच कल्पनेवर दुसरे साधन नव्याने लिहून सर्वांना मोकळे केले आणि त्याला ‘रीटव्हेल्ड’ असे नाव दिले. गेरिट रीटव्हेल्ड हाही डच. सुताराचा मुलगा, बापाच्या कारखान्यात हात तयार झालेला आणि पुढे खुर्च्यांसाठी व घरांसाठी जगप्रसिद्ध झालेला. रीटव्हेल्डवरूनच शॉन पिअर्स यांनी आणखी एक साधन घडवले आणि त्याच कारागिराचे पहिले नाव त्याला दिले : ‘गेरिट’. मोबाइल फोनमधील अँड्रॉइड प्रणालीच्या कोडची पडताळणी त्यावर होऊ लागली. कोट्यवधींच्या खिशांतील यंत्राचा कोड तपासणाऱ्या साधनाला एका सुताराच्या मुलाचे नाव असावे, ही गोष्ट आपल्या पेणच्या कारागिरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गेरिटचे काम कसे चालते? एखाद्याने कोडमध्ये बदल केला, की तो लगेच मूळ प्रतीत जात नाही. तो दारात थांबतो. पाहणाऱ्याला समोरासमोर दोन रकाने दिसतात, डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी. काढलेले एका रंगात, घातलेले दुसऱ्या रंगात. ज्या ओळीविषयी शंका असेल त्या ओळीवरच शंका लिहिता येते. लिहिणारा उत्तर देतो किंवा दुरुस्ती करून नवी आवृत्ती पाठवतो. जुनी आवृत्ती मात्र पुसली जात नाही. मग मते पडतात. अधिक एक म्हणजे ‘मला ठीक वाटते, पण अंतिम मान्यता दुसऱ्याने द्यावी’. अधिक दोन म्हणजे ‘मान्य’. उणे एक म्हणजे ‘असे न केलेले बरे’. आणि उणे दोन म्हणजे ‘हे जाता कामा नये’. अधिक दोन मिळाल्यावाचून बदल आत जात नाही, आणि उणे दोन उभे असेतोवर कोणाच्याही अधिक दोनने काम भागत नाही. अधिक एक आणि अधिक एक मिळून अधिक दोन होत नाहीत, हेही येथले वैशिष्ट्य. हा बहुमताचा हिशोब नव्हे. जबाबदारी घेण्याचा हिशोब आहे. याशिवाय यंत्रही आपल्या ठरावीक चाचण्या घेऊन निकाल नोंदवते. म्हणजे यंत्राला जे तपासता येते ते यंत्र तपासते, आणि माणसाने विचारावयाचा प्रश्न माणूस विचारतो. ‘रात्रपाळीचे काय?’ हा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे.

आता ‘मोकळे’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. व्यापारात ती खरी असेल. प्रोग्रामच्या धंद्यातही अनेक कंपन्या आपला कोड झाकून ठेवतात. ग्राहकाला चालणारे यंत्र मिळते, आतील सूचना वाचावयास मिळत नाहीत. या चालीला अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली विरोध मांडला. प्रोग्राम चालवण्याचा, त्याचा कोड वाचण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि तो दुसऱ्याला देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून परवाने निघाले. म्हणजे कोडबरोबर एक कायदेशीर कागद जोडलेला असतो आणि त्यात हे हक्क लिहून दिलेले असतात. अशा प्रोग्रामना मुक्तस्रोत म्हणण्याचा प्रघात आहे. मुक्त म्हणजे फुकट, असे मात्र कोणी समजू नये. किंमत घेऊनही मुक्तस्रोत वस्तू विकता येते. आणि फुकट मिळणारी कितीतरी वस्तू झाकलेल्या मुठीतलीच असते.

पडताळणीचे साधनच मुक्तस्रोत का असावे, याला इतिहासात उत्तर आहे. लिनक्सची मंडळी काही वर्षे आपल्या कोडच्या आवृत्त्या ठेवण्यासाठी ‘बिटकीपर’ नावाचे खाजगी साधन वापरीत होती. मालकाने ते त्यांना विनामूल्य वापरू दिले होते. २००५ साली वाद झाला आणि मालकाने ती सवलत काढून घेतली. दुसऱ्याच्या हत्यारावर उभे राहिलेले काम अडले. तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहिले. त्याचेच नाव ‘गिट’, आणि गेरिट उभे आहे ते या गिटवरच. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. फेसबुकमध्ये जन्मलेले आणि २०११ साली मोकळे झालेले ‘फॅब्रिकेटर’ हे पडताळणीचे साधन एक छोटी कंपनी सांभाळीत होती. २०२१ साली त्या कंपनीने काम बंद करीत असल्याचे जाहीर केले. साधारण कारखाना असता तर गेटला कुलूप लागले असते. पण कोड मोकळा होता. वापरणारे एकत्र आले आणि ‘फोर्ज’ या नावाने त्यांनी तेच साधन पुढे चालवले. मालक गेला, यंत्रे कामगारांपाशी राहिली! ज्यांनी गिरण्यांच्या टाळेबंदी पाहिल्या आहेत, त्यांना या घटनेचे मोल अधिक सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व परदेशचे. पण मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि पेण-रोह्याची पोरे शाळेचा अभ्यास करताना तो उघडतात. तो ज्या ‘मीडियाविकी’ नावाच्या प्रोग्रामवर चालतो, त्याच्या कोडची पडताळणी २०१२ साली गेरिटवर आणली गेली. ती कोणालाही घरबसल्या वाचता येते. कोणता बदल कोणी सुचवला, कोणी अडवला आणि का अडवला, हे सर्व उघड आहे. शिवाय त्याच्या पडद्यावरील शब्दांचे मराठी भाषांतर ‘ट्रान्सलेटविकी’ या ठिकाणी स्वयंसेवक करतात. त्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नसते.

आणि मराठीचा प्रश्न मराठी माणसानेच पाहावा लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. पहिल्यात रफार डोक्यावर आहे, दुसऱ्यात ‘र’ आडवा आहे. हा आडवा ‘र’ हिंदीत लागत नाही. समजा, देवनागरी अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणी बदल केला आणि सर्व ‘र’ डोक्यावर चढवले. हिंदी जाणणारा तपासनीस त्याला खुशाल मान्यता देईल. त्याला दोष दिसणारच नाही. पण मराठी शाळामास्तर तो पडदा पाहताच म्हणेल, ‘सह्याद्रीच्या दऱ्यांत तुम्ही समुद्र ओतला की हो!’ तेव्हा पडताळणी ही केवळ प्रोग्रामरांची मिरास नाही. रात्रपाळी ज्याने केली त्याला रात्रपाळीची चूक दिसते. मराठी ज्याची त्याला मराठीची. अट एकच, की वही उघडी असली पाहिजे.

मात्र उघडी वही असली म्हणजे सर्व झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणारा ‘ओपनएसएसएल’ हा मुक्तस्रोत प्रोग्राम जगभर वापरला जातो. २०११ च्या अखेरीस त्यात एक बदल गेला. एका यंत्राने दुसऱ्याला एक शब्द पाठवून ‘हाच परत म्हण’ असे सांगावयाचे, म्हणजे दुसरे जागे आहे हे कळते, असा तो भाग होता. शब्दाबरोबर त्याची लांबीही सांगावयाची असे. पण सांगितलेली लांबी खरी आहे काय, हे पाहण्याची सूचना लिहिणारा विसरला. त्यामुळे चार अक्षरी शब्द पाठवून ‘हा हजारो अक्षरांचा आहे, परत दे’ असे म्हटले, की पलीकडचे यंत्र शब्दाच्या पुढे आपल्या स्मृतीत जे काही असेल, त्यात परवलीचे शब्दही आले, ते सारे ओतून देई. हा बदल दुसऱ्या जाणकाराने पाहून आत घेतला होता. कोड सर्वांना मोकळा होता. तरी दोष उघडकीस आला एप्रिल २०१४ मध्ये. त्याला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. जगाने वापरलेल्या या प्रोग्रामची देखभाल मूठभर माणसे करीत होती, हे तेव्हा जगाला कळले.

दुसरी घटना २०२४ च्या मार्च महिन्यातील. ‘एक्सझेड’ नावाचा फाइल आवळून लहान करणारा प्रोग्राम एकच माणूस वर्षानुवर्षे फावल्या वेळात सांभाळीत होता. थकलेल्या त्या माणसाभोवती ‘काम लवकर का होत नाही?’ असा तगादा वाढला आणि मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या इसमाने दोनेक वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला. मग त्याने त्यात चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही, मागोवा घेतला, आणि मोठा अनर्थ टळला.

यातून आम्ही जो धडा घेतो तो असा : सही म्हणजे वाचन नव्हे, आणि वाचन म्हणजे श्रम आहेत. ज्या श्रमांना कोणी मोल देत नाही, ते एक दिवस दमतात. तपासणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, त्याला मजुरी द्यावी लागते, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क द्यावा लागतो. हा धडा शिकावयास पेणकरांना परदेशी जावे लागत नाही. २०१० साली पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांची पुंजी अडकली. बनावट कर्जखात्यांची प्रकरणे पुढे पोलिसांत आणि न्यायालयांत गेली. त्या बँकेलाही दरवर्षी ताळेबंद होता, आणि ताळेबंदाखाली सह्या होत्या. ठेवीदारांपैकी कोणाला खातेवही पाहता येत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे खरे. पण ते सव्वा लाख कोणाचे, हा प्रश्न मूठ उघडल्यावरच कळतो.

आणि मूठ न उघडल्यास कामगारावर काय प्रसंग येतो, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. तेथील पोस्टखात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाचा हिशोबाचा प्रोग्राम आणला. गावोगावच्या उपडाकघरांच्या चालकांच्या हिशोबांत तूट दिसू लागली. ते म्हणत, पैसे आम्ही घेतले नाहीत. वरून उत्तर येई, यंत्र तसे दाखवते. यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरून खटले चालले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून न झालेली तूट भरली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या प्रोग्राममध्ये दोष होते असा निर्णय दिला, आणि २०२४ च्या मे महिन्यात संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस वर्षे हे लोक एकच मागत होते : हिशोब कसा होतो ते आम्हांला दाखवा. ते त्यांना दाखवले गेले नाही. एकेकट्याने मागितले म्हणून ऐकले गेले नाही. शेकडो जण एकत्र आले तेव्हा न्यायालयाचे दार उघडले. संघटना कशासाठी, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आम्हांपाशी नाही.

आपल्या देशात ही वाट अगदीच अनोळखी नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेच्या हिशोबाच्या वह्या पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला दिला होता. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण ज्याच्या पैशाचा हिशोब, त्याला वही पाहण्याचा हक्क, हे तत्त्व शंभर वर्षांचे जुने आहे. केंद्र सरकारने २०१५ साली दोन धोरणे जाहीर केली : सरकारी कामात मुक्तस्रोत प्रोग्रामना प्राधान्य द्यावे हे एक, आणि सरकारी प्रोग्रामचे कोड सहकार्यासाठी मोकळे करावेत हे दुसरे. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘आरोग्य सेतू’चा कोड सुरुवातीस झाकलेला होता, जाणकारांनी आग्रह धरला, आणि त्याच वर्षी २६ मे रोजी अँड्रॉइडवरील आवृत्तीचा कोड मोकळा करण्यात आला. आग्रह धरला की मूठ उघडते, एवढे त्यावरून दिसते.

मग आपण काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी पेण-रोह्याच्या आवाक्यातील आहेत. पहिली, संघटनांनी करारात एक कलम घालून घ्यावे : हजेरीचे वा पगाराचे यंत्र बदलताना त्याचा हिशोबाचा नियम साध्या मराठीत लिहून कामगारांच्या प्रतिनिधीला दाखवावा, आणि तिन्ही पाळ्यांच्या नोंदी घालून त्याच्या देखत चाचणी घ्यावी. दुसरी, पतपेढ्यांनी व ग्रामपंचायतींनी प्रोग्राम विकत घेताना विचारावे, की कोड वाचावयास मिळेल काय, आणि उद्या तुमची कंपनी बंद पडली तर आमच्या खात्यांचे काय? तिसरी गोष्ट येथील महाविद्यालयीन तरुणांसाठी. त्यांनी गेरिटसारखे एखादे मोकळे साधन घेऊन आपल्याच महाविद्यालयात चालू करावे. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. गिट शिकण्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ विनामूल्य मिळतात. साधन चालू करणे मात्र उद्घाटनाची फीत कापण्याइतके सोपे नाही. कोणाचे मत अंतिम, ते आधी ठरवा. चूक दाखवणाऱ्याने ओळीवर बोट ठेवावे, माणसावर नव्हे, हे ठरवा. आणि देखभालीचा भार एकाच्या खांद्यावर राहणार नाही याची वाटणी करून ठेवा. मग पहिला प्रोग्राम कोणता घ्यावा? आम्ही सुचवतो, हजेरीचाच घ्या. तो लिहून झाला की एका प्रोग्राम न जाणणाऱ्या, पण तिसरी पाळी केलेल्या माणसाला शेजारी बसवा आणि नियम त्याला वाचून दाखवा. तो जे प्रश्न विचारील, तीच पहिली पडताळणी.